एकशेवीस गोळ्या, चाळीस दिवस

२० फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. इथे शीतगृहात निम्मे लोक कायम नाक ओढत असतात. मुकादम व्हिटॅमिन सीच्या गोळ्या दिवसभर लिमलेटसारख्या चघळतो आणि सगळ्यांत जास्त तोच शिंकतो. तेव्हा सर्दीसाठी मी त्या पाठवत नाही. तुमच्या हिरड्यांतून रक्त येतं आणि तुम्ही फळाला हात लावत नाही, असं आत्याने लिहिलं, म्हणून औषधांच्या दुकानात गेलो.

तिथल्या बाईंचं पाऊण तास डोकं खाल्लं. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांत सोडियम असतं, ते तुमच्या रक्तदाबाला नको. चघळायच्या गोळ्या आंबट, त्या दातांना नकोत. हजार मिलिग्रॅमच्या मागितल्या, तर बाई म्हणाल्या की जास्तीचं शरीर लघवीवाटे टाकूनच देतं. शेवटी पाचशेच्या, साध्या, गिळायच्या घेतल्या. बाटलीत एकशेवीस आहेत आणि मुदत जूनअखेरपर्यंत आहे. रोज जेवणानंतर एक घेतली की मुदतीत संपतील. रक्त थांबलं नाही तर मात्र डॉक्टरांना दाखवावं.

घरात कुणाला मुतखडा झाला होता का, असंही बाईंनी विचारलं. मी छातीठोकपणे नाही म्हणालो. बरोबर ना? तेवढं कळवावं.

माया आहे तशीच असू द्यावी.
तुमचा,
बाळ

२४ मे

चि. बाळ यास,
अ. उ. आ.

तुझं पार्सल म्हणजे वरातीमागून घोडं. तू प्रत्येक पत्रात विचारायचास आणि मी येईल, येईल म्हणायचो. कारखान्यातल्या बॉयलरने माझे कान केव्हाच खाल्ले आहेत, त्यामुळे पोस्टमनची घंटा ऐकू आली नाही. त्याने दाराखालून चिठ्ठी सरकवली, ती पायपुसण्याखाली गेली. झाडताना परवा आत्याला सापडली. पार्सल पोस्टातून सोडवून बाटली त्याच दिवशी घरी आणली.

सोबतच्या पत्रातल्या तुझ्या सूचना वाचल्या. अरे, बॉयलर पेटवतानासुद्धा आम्हाला इतक्या नव्हत्या! पण त्या दिवशी जूनअखेरला दिवस उरले चाळीस आणि गोळ्या एकशेवीस. पोराने थंडीत कुडकुडत कमावलेली वस्तू काय उकिरड्यावर फेकायची? म्हणून रोज तीन घेतो. एकही वाया जाणार नाही. पोट जरा ढिलं झालंय, पण ते होणारच. आत्याला बोलू नकोस, ती उगाच कलकल करते.

जिवाला जप, नाकही पुसत जा.
तुझा,
बाबा

३१ मे

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र आत्ता मिळालं. घराखालच्या दुकानातला फोन लागत नाही, म्हणून उभ्यानेच लिहितो आहे. तीन घेऊ नका. आजपासून एकही घेऊ नका, आधी डॉक्टरांना विचारा. बाटली वाया गेली तर जाऊ द्या, मी दुसरी पाठवीन, दहा पाठवीन. रोज एक असं मी लिहिलं होतं, पण पार्सल उशिरा पोचलं तर काय करायचं ते लिहिलं नाही. ती माझी चूक.

आणि मुतखड्याबद्दल मी विचारलं होतं, त्यावर तुमच्या पत्रात एक अक्षर नाही. चारदा वाचलं. विसरला असाल असं धरून चालतो. पाणी भरपूर प्या.

उलटटपाली दोन ओळी लिहाव्या, रागावून लिहिल्या तरी चालतील.
तुमचा,
बाळ

१० जून

चि. बाळ यास,
आत्याचे अ. आ.

बसून वाच. बाबांना चार तारखेला इस्पितळात नेलं. तुझं पत्र पाचला आलं.

तू चौथीत असताना बाबा तीन आठवडे दुसऱ्या कारखान्यावर गेल्याचं तुला सांगितलं होतं. ते इस्पितळात होते. मुतखड्याने त्यांचं एक मूत्रपिंड नासलं होतं, ते काढलं. तू तेव्हा जराशा काळजीने जेवण टाकायचास. याला कळू द्यायचं नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलं. पुढे सांगायचं राहिलं ते राहिलंच.

उरलेल्यात आता खडा अडकला आहे. नळी घातली आहे, पण ताप हटत नाही. गोळ्यांनीच झालं असं डॉक्टर ठामपणे सांगत नाहीत. पण मुतखडा होऊन गेलेल्या, एका मूत्रपिंडावर जगणाऱ्या माणसाने विचारल्याशिवाय एकही घ्यायला नको होती, असं म्हणाले. मला वाटायचं ते एकच घेतात. तुझा प्रश्नही त्यांनी मला दाखवला नव्हता.

तुला लिहू नकोस म्हणून मला बजावलं आहे. तरी लिहिते. स्वतःला दोष देऊ नकोस, तो आमच्याकडे राहू दे.
तुझी,
आत्या

१९ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पंधराला पोचलं. त्याच दिवशी धक्क्यावर गेलो. तिकडे येणारी बोट आदल्या सकाळी सुटली होती. पुढची सत्तावीसला आहे, तिचं तिकीट काढलं. आपल्या घराखालच्या दुकानात तीनदा फोन लावला. घराला कुलूप आहे, एवढंच दुकानदाराला माहीत. औषधांच्या दुकानातल्या बाईंकडेही जाऊन आलो. मी चुकीचं उत्तर दिलं होतं, असं त्यांना सांगितलं. त्यांनी मला स्टुलावर बसवलं.

काल बाबांचं पत्र आलं. आपण ठणठणीत आहोत, आत्या राईचा पर्वत करते, आणि तू शीतगृहात राहून भित्र्या बर्फासारखा लगेच विरघळू नकोस, असं त्यात आहे. वाचून मी मोठ्याने हसलो. मुकादमालाही वाचून दाखवायला घेतलं आणि तेव्हा नीट पाहिलं.

आत्या, अक्षर तुझं आहे. सहीसुद्धा तूच केली आहेस.

त्यांनी सांगितलं आणि तू लिहून घेतलंस, असं असेल तर तसं कळव. म्हणजे ते बोलतात, चेष्टा करतात, फक्त हात चालत नाही, असं मी समजेन. सगळं तूच रचलं असशील, तर तेही कळव. दोन्हींतलं खरं कोणतं, हे मला इथून ओळखता येत नाही.

तुझा लोभ आहे हे मी जाणतो. या खेपेला त्याच्यासोबत खरंही येऊ दे.
तुझा,
बाळ