एकाने कापायचं, दुसऱ्याने उचलायचं

बाबा, इथे मेडनहेडच्या लायब्ररीत मी इतिहासाच्या इव्हनिंग क्लासला जाते. सध्या इटलीतले लोंबार्ड राजे चालू आहेत, तेराशे वर्षांपूर्वीचे. त्यातला एक राजा मरताना राज्य दोन मुलांत वाटून देतो. एक मिलानमध्ये बसतो, दुसरा पावियात, आणि लगेच जुंपते. पावियावाल्याने दक्षिणेतल्या एका दांडग्या सरदाराची मदत मागितली. सरदार आला, मदत मागणाऱ्यालाच मारून गादीवर बसला, आणि दुसरा भाऊ पळाला. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. वर्गातले सगळे हसले. मला मात्र तुमचा भयंकर राग आला.

कारण कॉव्हेंट्रीच्या आपल्या किचनमध्ये तुमचा न्याय किती पक्का होता! तुम्ही कार फॅक्टरीतून दमून यायचात. शेवटची पुरणपोळी ताटलीत, आणि दादा न् मी एकमेकांच्या झिंज्या धरायला तयार. तुम्ही बूट काढता काढता म्हणता, "एकाने कापायचं, दुसऱ्याने आधी उचलायचं." दादा जीभ बाहेर काढून सुरी चालवतो, इतकी सारखी कापतो की मला निवडताच येत नाही. मग दोघंही हसत सुटतो.

आणि तुम्ही उभ्या केलेल्या मराठी मंडळाच्या वाटणीच्या वेळी काय झालं? हॉस्पिटलच्या कॉटवरून तुम्हीच कापलंत, तुम्हीच वाढलंत. गणपती दादाचा, दिवाळी माझी. पहिल्याच वर्षी हॉलवरून आमचं फाटलं. आपलं वजन पडावं म्हणून दादाने लेस्टरच्या काकांना मध्ये घातलं, आणि काकांनी गणपतीही घेतला, दिवाळीही. दादा कार्डिफला गेला, मी इथे. आता वाढदिवसाला त्याचा एक टेक्स्ट येतो, तेवढंच.

तो पळालेला भाऊ पुढे बोटीने इंग्लंडलाच निघाला होता म्हणे. किनाऱ्यावरून कुणीतरी हाक मारली, परत जा, तुझा वैरी मेला. तो गेला आणि राजा झाला. मला तशी हाक गेल्या रविवारी आली. लेस्टरचे काका वारले. मंडळाच्या सेक्रेटरी काकूंचा फोन होता. "अगं, कमिटीत सगळ्यांचं एकच म्हणणं आहे, तू चेअरपर्सन हो. आफ्टर ऑल, यू आर युअर फादर्स डॉटर." मी विचारलं, "आणि दादा?" त्या म्हणाल्या, "तो कुठे आमचे फोन घेतो!"

बाबा, मला ती खुर्ची हवी आहे, लहानपणापासून हवी होती. पण मला दादाही हवा आहे, आणि तो नसताना त्या हॉलमध्ये आरतीला उभं राहणं मला जमणार नाही. म्हणून या वेळी सुरी मी घेतली आहे. एका बाजूला अध्यक्षपद, दुसऱ्या बाजूला गणपती आणि दिवाळी, दोन्ही. आता दादाला फोन करून सांगणार आहे, मी कापलंय, आधी तू उचल.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगते. अध्यक्षपदाला मी कौन्सिलचे फॉर्म, खुर्च्या लावणं आणि कार्यक्रमानंतर हॉल झाडणं, सगळं जोडून दिलंय. तो तुकडा दादाला नकोसा वाटावा म्हणून.