अडतीस कलमं आणि माझं वय

आदरणीय मधले काका,

हाँगकाँगच्या पोलीस शाळेतल्या फरशीवर तीनदा कपाळ टेकवून (फरशी कालच धुतली आहे, काळजी नसावी) पाओशानचा नमस्कार. तुमचा खोकला, काकूंचे गुडघे आणि शाळेचं गळकं छप्पर यांतलं काय काय बरं झालं ते कळवावं. हे पत्र तुम्ही अंगणात बसून सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवणार हे ठाऊक आहे, म्हणून अक्षर नेहमीपेक्षा बरं काढलंय. मी खुशाल आहे. फक्त माझी नोकरी राहते की जाते हे आता तुमच्या हातात आहे, ते कसं हे ओघानं येईलच.

काका, सरकार म्हणजे काय चीज असते हे आपल्या गावात बसून कळायचं नाही. आपल्या वेईहाइवेई भागातून आलेल्या आम्हा चोपन्न पोरांना मैदानात उभं करून नोकरीचा करारनामा वाचून दाखवला. अडतीस कलमं. लाऊ नावाचे कारकून ती कँटनी भाषेत वाचत होते, जी आमच्यातल्या एकालाही येत नाही, आणि आमचे हवालदार पी (खाडीपलीकडच्या गावचे, त्यांचे वडील आपल्या बाजारात खारे मासे विकायचे) ती आपल्या बोलीत सांगत होते, मधेमधे पदरचीही घालत होते. पाच वर्षं नोकरी, त्यातलं पहिलं वर्ष शिकाऊ. वर्षाला बुटांचे दोन जोड. लग्न करायचं तर मोठ्या साहेबांची लेखी परवानगी. आम्ही शानतुंग प्रांताची माणसं भातावर जगणारी नव्हेत, तर आम्हाला पीठ द्यावं, हेसुद्धा कलमात. आजीला सुनांच्या जेवणाबाबत जे जन्मात सुचलं नाही ते इथल्या इंग्रज सरकारला सुचलं. मी तर तोंडात बोट घालून ऐकत राहिलो.

एकतिसावं कलम तर सगळ्यांवर कडी. कामावर असताना मेलो तर शवपेटी सरकारची, आणि ती जहाजानं घरापर्यंत पोचवायची जबाबदारीही सरकारची. माझ्या शेजारचा यू भीतीनं पांढराफटक पडला, मी मात्र थक्क झालो. आपल्याकडे जिवंत माणसाला गाढवगाडी मिळता मिळत नाही. मला काही राहवेना, मी हात वर करून विचारलं, की सुट्टीच्या दिवशी मेलो तर काय. हवालदार पी म्हणाले, "आधी नोकरीत टिक, मग सवडीनं मर." पण लाऊ कारकुनांनी प्रश्न लिहून घेतला आणि चौथ्या दिवशी शिक्क्यासकट उत्तर आलं : मृत्यूसमयी अंगावर गणवेश असल्यास विचार करण्यात येईल. माझ्या मरणाचा इतका विचार आजवर कुणी केला नव्हता. (तेव्हापासून यू गणवेशातच झोपतो.)

आता मूळ घोटाळा. सतराव्या कलमात आहे, की रस्त्यावर दंगा दिसला तर शिकाऊ शिपायानं ताबडतोब शिट्टी फुंकावी. मला पहिल्यांदाच मासळीबाजारात उभं केलं होतं. तिथे दोन बाया एकमेकींच्या अंगावर अशा काही ओरडत होत्या, एकीच्या हातात सुरा, मधे रक्ताचं थारोळं, की मी पोटातला सगळा वारा काढून शिट्टी फुंकली. अकरा पोलीस धावत आले, एक गोरा साहेब तर अर्धी दाढी करून आला. मग कळलं, की एक बाई कोळीण, दुसरी गिऱ्हाईक, आणि इथे माशाचा भाव असाच विचारतात. कोळणीनं मला नखशिखांत न्याहाळलं आणि काहीतरी म्हणाली. धावत आलेल्यांत पी होते, त्यांनी ते आपल्या बोलीत सांगितलं : "एवढा ताडमाड वाढलाय, पण आईनं कधी बाजारात नेलेला दिसत नाही."

झाल्या प्रकाराचा अहवाल लिहायला लाऊ कारकुनांपुढे उभं राहावं लागलं, दुभाषे म्हणून पी शेजारी. नाव, गाव, वय. मी म्हटलं वीस, भरतीच्या वेळी डॉक्टरला सांगितलं होतं तेच. त्यांनी सहज विचारलं, जन्मसाल कोणत्या जनावराचं? मी म्हटलं माकडाचं, बाराव्या महिन्याची सत्तावीस तारीख. त्यांनी बोटं मोजली, पुन्हा मोजली आणि लेखणी खाली ठेवली. इंग्रजी हिशेबानं मी अठरा वर्षं चार महिन्यांचा निघालो. इंग्रजाचं पोर म्हणे आपल्यासारखं एकापासून नव्हे, शून्यापासून सुरू होतं, आईच्या पोटातले दिवस फुकट. आणि मी जन्मलो त्यानंतर चारच दिवसांत नवं वर्ष लागून दोन वर्षांचा झालो, तेही त्यांना मान्य नाही. नवव्या कलमात वय पुरं वीस हवं. कमी असलं तर नाव काढून टाकायचं. दोन महिन्यांत गावच्या गुरुजींचा जन्मदाखला आला नाही तर माझं काही खरं नाही.

आणि गावचे गुरुजी तुम्ही. मला निरोप देताना बाबांनी वेशीपर्यंत फटाके लावले होते, त्यांची मान खाली जाता कामा नये. धाकट्यांना आशीर्वाद.

आपला,
त्सुंग पाओशान, शिकाऊ शिपाई

ता. क. दाखल्यात काही फार करायचं नाही. तारीख तीच, महिना तोच, फक्त माकडाच्या जागी घोडा लिहायचा. घोड्याचं साल माकडाच्या आधीचं, दोनच वर्षांचा तर फरक.

ता. क. दुसरा. हा कागद वेगळा घातलाय, तो अंगणात वाचू नये. बाबा म्हणतील की आत्ताच्या आत्ता लिहून टाक. त्यांच्यासमोर मान डोलवावी.

ता. क. तिसरा, त्याच वेगळ्या कागदावर. काका, वय कमी निघालं तर दोष उमेदवाराचा धरू नये आणि पहिल्या जहाजानं त्याला सन्मानानं घरी पोचवावं, असं तेविसाव्या कलमात आहे. अडतीसपैकी तेवढं एकच मला तोंडपाठ आहे. इथलं सगळं फार मोठं आहे, काका, आणि मला दिवसभर कुणाचं बोलणं कळत नाही. मला घरी यायचंय. हे बाबांना सांगायची माझी छाती नाही. खोटं लिहिलं म्हणून तुम्ही आम्हाला आयुष्यभर छडी मारलीत, तर आता माझ्यासाठी खोटं लिहू नका. माकड लिहा. ठळक लिहा, आणि लवकर पाठवा.