डोंगरकड्याचं कार्ड

२ जानेवारी १९७४, बुधवार

नवीन वही आणि पहिल्याच पानावर शिंका! शाळेतून आले तर माय पत्रांच्या तारा भिंतीवरून उतरवून झाडत बसलेली. तीन तारा आहेत आमच्याकडे. एक नातेवाइकांची, एक सरकारी कागदांची आणि तिसरी दादांच्या लिहिणाऱ्या मित्रांची. तिसरी सगळ्यात जाड.

मायला एक अक्षर वाचता येत नाही. पण टपालाचं खातं तिच्याकडेच. कुणाचं अक्षर झुकतं, कोण कार्डाच्या कडेनं आडवं लिहितो, कुणाची शाई कसली, हे बघून ती पत्र बरोबर त्याच्या जागी ओवते. दादा खोलीतून नुसतं म्हणतात, भावसिंगचं ते म्हैस हरवल्याचं पत्र काढ! आणि ही वीस पत्रांखालून नेमकं तेच काढते. म्हणजे म्हणायचे. आता ते पत्र मागत नाहीत.

भावसिंगकाकांची जांभळी शाई एकाहत्तर सालापाशी संपते. माय त्या पत्रांवरून फडकं जरा जास्तच वेळ फिरवत होती.

५ जानेवारी

दादांना येत्या मे महिन्यात साठ पूर्ण होतील. जात्यावरच्या गाण्यांचं त्यांचं पुस्तक — अठराशे गाणी, वीस वर्षांची पायपीट — लाल फडक्यात बांधून फळीवर पडलंय. औरंगाबादचे प्रकाशक विचारून दमले. आता शेवटचं विचारलंय : फेब्रुवारीअखेर द्या, नाहीतर राहू द्या. अडलंय कुठं? प्रस्तावनेवर! हट्ट्याच्या शाळेत दोघे नवे मास्तर होते, एका खोलीत राहायचे, तेव्हा शपथ घातली होती म्हणे. तुझ्या पुस्तकाची प्रस्तावना मी लिहीन, माझ्या तू. काकांनी तांड्यावरची गाणी जमवली, त्या पुस्तकाला दादांनी प्रस्तावना लिहिली. आता पाळी काकांची. आणि दादा त्यांचं नाव घेत नाहीत, दुसऱ्या कुणाला लिहूही देत नाहीत.

कारण काय, तर वसमतचा कार्यक्रम. दादा हस्तलिखितातून वाचत होते. "एक स्त्री, वय चाळीस, हट्टा." काका समोरून उठले. "अमृतराव, ही एक स्त्री कोन हाय? घरी भाकरी कोन वाढतं तुमाला?" सगळा मंडप हसला. पहिली दोनशे गाणी मायनं सांगितलेली, हे निम्म्या मंडपाला ठाऊक होतं. दादा तसेच उठून एस.टी.त बसले. त्यानंतर काकांची दोन कार्डं आली. दोन्ही न वाचता, वर 'घेण्यास नकार' असं सुरेख अक्षरात लिहून, पोस्टमनच्या हातात परत. दुसरं तर परवाच्या दिवाळीत. तेव्हा माय दारातच उभी होती.

तर आज मी काकांना पत्र लिहिलं. चोरून. मायला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बराबर लिवलंस. पन ते गुरुजीच्या नावानंच कार्ड धाडतील बघ. त्यांचाबी मान हाय." दादांना ती गुरुजीच म्हणते.

६ जानेवारी

टाकलं पत्र. पेटीत हात घालून परत काढावंसं वाटलं.

१४ जानेवारी, संक्रांत

आम्ही बौद्ध झालो त्याला सतरा वर्षं झाली, पण मायच्या तिळाच्या लाडवांना अजून कुणी ते सांगितलेलं नाही. दादा दरवर्षी छोटं व्याख्यान देतात आणि मग चार लाडू खातात. यंदा पाच.

काकांचं उत्तर नाही. कळमनुरीच्या कंडक्टरनं पावसाळ्यात सांगितलं होतं, की राठोड मास्तरला, म्हणजे काकांना, कावीळ झालीय. मनात राहून राहून तेच येतं.

१७ जानेवारी, गुरुवार

काय लिहू.

दुपारी कार्ड आलं. दादा वाचनालयात, मी शाळेत. घरी आले तर माय ओल्या केसांनी बसलेली. कोपरा फाटलेलं कार्ड आलं, म्हणाली. आमच्याकडे कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे मयताचं. ते उंबऱ्याच्या आत आणत नाहीत, बाहेरच वाचून फाडायचं आणि डोक्यावरून पाणी घ्यायचं. मायला वाचता येत नाही, म्हणून तिनं नुसतंच फाडलं. अंगणातल्या न्हाणीच्या मोरीत तुकडे होते. मी वेचले, पण पाण्यानं सगळं फुटलेलं. एक शब्द लागेना. बोटांना मात्र रंग लागला. जांभळा.

"डोंगरकड्याचं व्हतं," माय म्हणाली, "पोस्टमन बोलला."

डोंगरकड्याला आमचं दुसरं आहे कोण! काकांच्या पोराचीही दौत तीच असणार. दादा आले. मी बोटं दाखवली. आयुष्यभर ज्याला त्याला 'पुरावा काय?' विचारणारा माणूस, अशा रूढींवर दोन लेख लिहिणारा माणूस — काही विचारलं नाही. खुर्ची ओढली आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

माझं पत्र कुणाच्या हातात पडलं असेल? आजारी माणसाला मी लिहिलं, की तुमच्यामुळे पुस्तक अडलंय. मला माझीच लाज वाटते.

१८ जानेवारी

दादा पहाटेपासून लिहितायत. मध्ये एकदा बाहेर येऊन मायला म्हणाले, म्हैस हरवल्याचं पत्र काढ. तिनं काढून दिलं. मग खोलीतून हसणं ऐकू आलं आणि नंतर हसणं राहिलं नाही. मला ते ऐकवेना, मी शाळेत निघून गेले.

संध्याकाळी सात पानं झाली होती. माय म्हणाली, लिवून का व्हतंय, उद्या सकाळच्या गाडीनं जाऊन या, मीबी येते. तिचा आवाज अगदी रोजचा. दोन दिवस ती एकदाही रडली नाही, याचं मला थोडं वाईटच वाटलं. शिदोरी बांधली : धपाटे, लाल मिरचीचा ठेचा आणि वर लाडवांचा डबा! मयताच्या घरी कुणी तिळाचे लाडू नेतं का? लेकरं असतील तिथं, म्हणाली.

२० जानेवारी, रविवार

आत्ता परत आलो. कुठून सुरुवात करू! सगळं लिहायचंय, हात दुखला तरी.

काल डोंगरकड्याला उतरलो. तांडा तिथून दोन मैल. दादा पुढे, काखेत पानांची पिशवी, डोक्याला पांढरा रुमाल. दोन्ही बाजूंनी ज्वारी हुरड्यावर आलेली. आणि एकाएकी ज्वारीतून आवाज आला. पाखरं हाकलतात तसला, लांबलचक हाळीचा, आणि शेवटी पाखरांच्या आईबापाचा उद्धार करणारा.

दादा जागच्या जागी थांबले. मी विचारलं काय झालं, तर हातानं गप्प बस म्हणाले. परत हाळी. मग दादा चक्क रस्ता सोडून ज्वारीत शिरले. साठीचा माणूस, इस्त्रीचं धोतर! आम्ही मागे. मधोमध माळा होता आणि माळ्यावर गोफण घेऊन भावसिंगकाका. वाळलेले, पण उभे.

"तू मेला नाहीस?" दादा म्हणाले.

काकांनी वरून नीट बघितलं. "आज सकाळपासून तरी न्हाई. काहून?"

दादा मटकन ढेकळांवर बसले आणि रुमालात तोंड घालून रडले. काका माळ्यावरून घसरतच खाली आले. मग तेही रडले, कशासाठी ते माहीत नसताना. मी मात्र हसत होते, आणि माझंही नाक वाहत होतं. माय डबा घेऊन बांधावर उभी. तिनं एवढंच विचारलं, की पाणी कुठं मिळंल.

घरी गेल्यावर खुलासा. काकांनी मंगळवारी कार्ड लिहिलं होतं खरं. त्यात होतं काय? की कावीळ उतरली, तुझ्या पोरीचं पत्र आलं, प्रस्तावना लिहून झाली, पण टपालानं धाडणार नाही. यावं लागेल. मग कोपरा कुणी फाडला? जनकाबाईकाकूंनी कपाळावर हात मारला. त्यांच्याकडे एक तांबडी शेळी आहे. परवा तिनं ओढणीचा काठ खाल्ला, त्याच्या आधी पोराच्या वहीची आठ पानं. कार्ड बाजेवर पडलं होतं, न बघता पोरानं नेऊन टाकलं असेल. झालं, शेळीला सगळ्यांनी शिव्या घातल्या. शेळी आमच्याकडे बघत उभी, आव असा, की जणू हिनं काही केलंच नाही.

मग काकांचं लक्ष पिशवीकडे गेलं. त्यात काय? दादा सांगेनात. मी सांगून टाकलं : मृत्युलेख. काका इतके खूश झाले की काय सांगू! सगळा तांडा गोळा केला. हुरडा भाजायला घेतला, मायचा ठेचा वाढला, आणि वाच म्हणाले. मेल्यावर लोक काय बोलतात ते ऐकायला मिळतंय, असं नशीब कुणाचं!

दादा वाचू लागले आणि काका दर वाक्याला अडवू लागले. तीस वर्षांची मैत्री? मधली अडीच वजा कर. म्हैस पुसदच्या बाजारात नव्हे, नदीपाशी हरवली. 'अक्षर दिव्य' असं लिहिलं होतं, त्यावर तर ते खवळलेच : मेलेल्या माणसाच्या अक्षराला नावं ठेवतो? पोरं हसून लोळत होती.

पाचव्या पानाशी दादा थांबले. चष्मा पुसला, परत लावला. पुढचं जाऊ दे म्हणाले. काका म्हणाले, वाच. दादांनी पान माझ्या हातात दिलं.

मी वाचलं. अजून पाठ आहे. "वसमतला भावसिंगनं मला विचारलं, ही एक स्त्री कोण. मी चिडलो, कारण तो बरोबर होता. जिच्या तोंडून मी पहिलं गाणं ऐकलं तिचं नाव लिहायला मला वीस वर्षांत जागा सापडली नाही. हे त्याला सांगायला हवं होतं. आता कुणाला सांगू?"

काका गोवरीवरचं कणीस उगाच फिरवत होते. मायनं पदरानं हात पुसले आणि म्हणाली, "कनसं करपून राहिली, भाऊजी."

२६ जानेवारी

झेंडावंदन, पेढे, आणि घरात जनगणना! दादा हस्तलिखिताचं फडकं सोडून बसलेत आणि माय नावं सांगतेय. हे गाणं कुणाचं? हे केशरबाईचं, तिच्या पोरीच्या लग्नातलं. हे? हे सोजराबाईचं, पन तिनं ते अनुसयाबाईकडून घेतलेलं. दादा म्हणतात, एकीचंच नाव सांग. माय म्हणते, दोघींचंबी लिवा, जागा हाय की. दादा लिहितात. पंधरा दिवसांपूर्वी असं बोलली असती तर दादांनी पद्धतशास्त्र काढलं असतं!

पहिल्या गाण्यासमोर त्यांनी कुणाला न विचारता लिहिलं : कमलबाई अमृतराव खिल्लारे, हट्टा. मला म्हणाले, तिला वाचून दाखव. मी दाखवलं. नाव वाचून झाल्यावर माय म्हणाली, परत वाच.

३ फेब्रुवारी

काका स्वतः आले, दोन दिवस राहिले. दोघे प्रस्तावनेवरून चार वेळा भांडले. म्हणजे सगळं ठाकठीक.

पुस्तक उद्याच्या गाडीनं औरंगाबादला. लाल फडकं मायनं धुऊन वाळत घातलंय. तिसऱ्या तारेवर काल कार्ड लागलं, काका इथून घरी पोचल्याचं. जांभळं. चारी कोपरे शाबूत, दादांनी मुद्दाम मोजून दाखवले. शेळीला काय धाडावं, विचारत होते.

१० फेब्रुवारी

सुपारी हवी होती म्हणून मायची चंची उघडली. चुन्याच्या डबीखाली कार्डाचा एक कोपरा. अर्धं तिकीट, त्यावर डोंगरकड्याच्या शिक्क्याचं अर्धं वर्तुळ.

म्हणजे आमच्या पोस्टमननं हातात दिलं तेव्हा कार्ड सबंध होतं.

मी तो तिच्यासमोर धरला. ती तांदूळ निवडत होती. काका गेले, असं ती एकदाही म्हणाली नव्हती, हे मला तेव्हा आठवलं. दोन दिवस दादांनी किती सोसलं, म्हणून मी बोलले तिला.

"अडीच वर्सं सोसत व्हते ते," ती म्हणाली. "दुसरं कार्डबी माघारी धाडलं. तिसऱ्याला काय करणार व्हते? मला कुठं लिवता येतं, बाई. जेवढं येतं तेवढं लिवलं."

मग तिनं तो कोपरा माझ्या हातातून घेतला आणि परत डबीखाली ठेवला.