बॅटरीची बंदूक का तापते

९ जाने., शुक्र.
ढोकीची मित्रमंडळी आपल्या पेंटबॉलच्या मैदानावर खेळायला. रंगाच्या गोळ्यांनी कडब्याच्या गंजीसकट सगळं निळं. मधेच एकानं आपली बॅटरीची बंदूक खाली टाकली. "वहिनी, मूठ पोळतीय हो!" हात लावून बघितला, खरंच. बाकी सगळ्या साध्या. ही एकच ह्यांनी पुण्याहून हौसेनं आणलेली, तीही वापरलेली. बॅटरी काढून ठेवली. हे म्हणाले, "उन्हात होती, दुसरं काय!" जानेवारीचं ऊन. उद्या सावलीत ठेवून बघायची.

१० जाने., शनि.
नवी बॅटरी घातली. गोळी उडवायची हवेची बाटली नाही, गोळ्या नाहीत, नुसती चालू करून ओट्यावर ठेवली. चहा होईस्तोवर मूठ गरम. सावलीत. चापाला बोट न लावता.
हे : "बॅटरी डुप्लिकेट असंल." स्वतः जाऊन दुसरी आणली. तीही तापली. मला उगाच बरं वाटलं.
संक्रांतीचं हळदीकुंकू यंदा मैदानावरच करायचं, बायकांनी खेळायचं पण, असं ठरवलंय. सासूबाईंनी आज निक्षून सांगितलं, "सुनंदा, मला बॅटरीचीच पाहिजे. बाकीच्यांचा चाप ह्या बोटांनी दबत न्हाय." संधिवातानं बोटं वाकडी झालीत. बॅटरीचीला नुसतं टेकवलं तरी चालतं.
म्हणजे दुरुस्त करायलाच हवी.

१३ जाने., मंगळ. भोगी.
बाजरीच्या भाकरी, भोगीची भाजी. जेवणं उरकून मूठ उघडली. सोडवताना प्रत्येक पायरीचा मोबाईलवर फोटो काढला, नाहीतर परत जोडायची कशी! आत वाळलेला रंग, धूळ. आणि हे काय – मुठीच्या स्क्रूखाली एक तार चेपलेली, वरचं कव्हर सोललेलं, तांबं लोखंडाला टेकलेलं. वीज चालू होती तेवढा वेळ तिथंच जळत असणार.
ह्यांना हाक मारली. वाकून बघितलं. "व्हय की गं," एवढंच. मग दोघांनी मिळून टेप गुंडाळली, तार बाजूनं घेतली. ओट्यावर ठेवली. थंड! हे इतके खूश की भांडी त्यांनीच घासली.

१५ जाने., गुरु.
पूर्ण गोळ्या भरून चालवली. नुसती असताना थंड, पण भराभर मारल्यावर परत कोमट. पोळत नाही. बहुतेक हवेची झडप उघडणारं आतलं कॉइल प्रत्येक गोळीला जरा जास्त वेळ चालू राहतंय. त्या वेळेचं सेटिंग कमी केलं तर मधेच गोळी निघतच नाही. थोडं वाढवलं. परत कमी. संध्याकाळ गेली. मजा आली पण.

१८ जाने., रवि.
हळदीकुंकू झालं. तिळगूळ, वाण, मग सगळ्यांच्या तोंडाला मास्क. सासूबाईंनी पदर खोचला न् गंजीमागं लपल्या. मी सारखी विचारत होते, मूठ तापली का? "गप गं, नेम धरू दे!"
पहिलीच गोळी ह्यांच्या पाठीत. हे ओरडले, "आई, मी खेळात न्हाय!" "मग मधे कशाला आलास?" बायका खाली बसून हसल्या.
खेळ संपल्यावर बंदूक त्यांच्या हातून घेतली. मूठ कोमट होती. कॉइलमुळं, का त्यांनी इतका वेळ घट्ट धरली म्हणून, कळलं नाही. बॅटरी काढली. उद्या परत उघडून बघावं म्हणते, सासूबाईंनी परत मागायच्या आत.