ओल आहे, आधीच सांगतो

ता. ११, बुधवार, दुपार

चि. भिंगरीस आईचे आशीर्वाद.

मी बरी आहे. तूही बरी असावीस, रोज सकाळी देवाजवळ तेवढं एक मागते. पत्ता मावशीकडून घेतला. तिच्यावर रागावू नकोस, मीच फार गळ घातली. अक्षरावरून पत्र कुणाचं ते पाकिटावरच कळलं असेल. तरी फोडलंस, बरं केलंस.

या आठवड्यात घरात आलं ते असं. पीठ, लहान पिशवी, कारण मोठी आता संपेपर्यंत जुनी होते. विजेचं बिल, मागच्यापेक्षा निम्मं. छत्रीला नवी काडी, पंधरा. आणि ह्यांचा चष्मा दुरुस्त होऊन आला. एका दांडीचा स्क्रू पडला होता, काच सैल झाली होती. चष्मेवाल्याने चाळीस सांगितले. मी घासाघीस केली नाही, हे वाचून तू हसशील. त्यानेच आपणहून दहा परत दिले. का दिले ते पुढे लिहीन.

ऑफिसची बातमी आधी लिहिते, ती लिहायला सोपी आहे. ऑफिस आता खुळखुळे चालवतात. दोन्ही खिशांत किल्ल्यांचे जुडगे घेऊन घरं दाखवायला निघायचे म्हणून तू त्यांना ते नाव दिलंस. त्यांना कळलं तेव्हा वाटलं होतं, बिचारे दुखावतील. कसले दुखावतात! हल्ली फोनवरसुद्धा स्वतःच 'खुळखुळे बोलतोय' म्हणतात, गिऱ्हाइकांना ते आडनावच वाटतं. केस गेले, पोट आलं, चालण्याचा आवाज तोच.

तू बसवून दिलेला नेटवरच्या जाहिरातींचा कारभारही अजून तसाच आहे. मला त्यातलं ओ की ठो कळत नसे. तू एकदा ओट्याशी उभी राहून समजावलं होतंस. घर हवं असलेला माणूस आता रस्त्याने पाट्या वाचत फिरत नाही, फोनवर शब्द लिहितो. त्या शब्दांवर आपण बोली लावायची, म्हणजे त्याला आपली जाहिरात वर दिसते. नुसती दिसली तर आपले पैसे जात नाहीत, बोटाने दाबून कुणी आत आलं तरच जातात. आणि नुसत्या 'घर' या शब्दावर बोली लावायची नाही. त्यावर सगळे तुटून पडतात, भाव चढतो, आणि दाबणारे निम्मे रिकामटेकडे. त्यापेक्षा 'शाळेजवळ दोन खोल्या भाड्याने' असले लांबलचक शब्द घ्यायचे. एवढं लिहिणाऱ्याला खरंच सामान हलवायचं असतं. मी म्हटलं, म्हणजे बाजार उठताना भाजी घ्यायची तसं. तू ते ह्यांना जाऊन सांगितलंस. हे म्हणाले, मग तिला बसव माझ्या खुर्चीवर, मी भाजी आणतो. आणि खरंच त्या दिवशी पिशवी घेऊन गेले आणि सगळे कोवळे सोडून जून दोडके घेऊन आले.

ह्यांची ती खोड तुला आठवत असेल. सकाळी ऑफिस उघडलं की दुकानदार पाटी पुसतो तसं आधी स्वतःची जाहिरात शोधायची आणि चालू आहे ना म्हणून दाबून बघायची. एकदा नव्हे, चार-चारदा. दिवसाचे पैसे गिऱ्हाईक उठायच्या आत संपत. तू कपाळाला हात लावलास आणि कागदाची एक पट्टी लिहून संगणकाच्या वर भिंतीला डकवलीस. 'आपली जाहिरात आपण दाबायची नाही. पैसे आपलेच जातात.' ती पट्टी अजून आहे. तू गेल्यावर तुझी खुर्ची ह्यांनी माळ्यावर टाकायला लावली, टेबल विकलं, पण पट्टीला हात लावला नाही. रंगारी आला तेव्हा त्यालाही बजावलं. त्याने पट्टीभोवतीने रंग दिला.

उतारावरच्या त्या घराचा विषय मी काढणार नव्हते, पण तो काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्याच्या तळमजल्याला ओल होती. वरून रंग फासून झाला होता आणि ह्यांनी तुला जाहिरातीत 'कोरडं, हवेशीर' लिहायला सांगितलं. तू लिहिलं नाहीस. वर त्या नर्सबाईंना, ज्यांची आई दम्याची होती, फोनवर खरं ते सांगून टाकलंस. सौदा मोडला. घरमालकाने आपल्याकडची बाकीची घरंही काढून घेतली आणि त्याच्या देखत हे तुला म्हणाले, "खऱ्याची एवढी हौस असेल तर स्वतःचं दुकान काढ." तू चपला घातल्यास. त्याला सहा वर्षं झाली. मावशीला तुझा फोन जातो, आम्हाला नाही. तुझं नाव काढलं की हे पाणी प्यायला उठायचे, म्हणून मीही काढेनाशी झाले.

गुरुवार, सकाळ

काल इथवर लिहून पेन ठेवलं. दिवा लावायची वेळ झाली असं स्वतःला सांगितलं. वेळ झाली नव्हती. आज देवासमोर बसून लिहिते आहे, म्हणजे आता टाळता यायचं नाही.

तुझे बाबा गेले. मागच्या महिन्याच्या अखेरीस, रुग्णालयात, भर दुपारी. छातीत दुखतंय म्हणून नेलं तेव्हा चालत गेले, रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून वादही घातला. चार दिवसांत सगळं आटोपलं. शेवटी हाल झाले नाहीत, ही देवाची कृपा. मावशीला मीच म्हटलं होतं, तिला तू सांगू नकोस, आईने लिहायला हवं. आणि मग रोज उद्यावर ढकलत गेले. त्याबद्दल मला काय बोलायचं ते बोल, पण पत्र शेवटपर्यंत वाच.

चष्मेवाल्याला हे ठाऊक होतं. दहा त्याने त्यासाठी परत दिले. चष्मा आता खणात आहे. नवा स्क्रू फार घट्ट बसलाय.

मी अजूनही लिहिलं नसतं. पण शनिवारी खुळखुळ्यांनी ऑफिसात बोलावलं. महिनाअखेर पाटी बदलायची, ह्यांच्या नावाच्या जाहिराती बंद करायच्या, त्याआधी वहिनींनी एकदा नजर टाकावी, म्हणाले. सगळ्या जाहिराती आपल्या गावापुरत्या, फार तर तासाभराच्या वाटेवरच्या माणसांना दिसतील अशा. तूच तसं ठरवून दिलं होतंस. एकच निराळी. ती फक्त तू राहतेस त्या शहरात दिसते. तिथे आपल्याकडे विकायला एक वीट नाही. आणि शब्द कुठला लावलाय, तर आपल्या ऑफिसचं नाव. म्हणजे त्या शहरात बसून कुणी आपल्याच ऑफिसचं नाव लिहून शोधलं, तर आणि तरच ती दिसणार. मी विचारलं, हा कसला धंदा, तिथे आपलं नाव कुणाला माहीत? खुळखुळे खिशात किल्ल्या चाळवत राहिले. मग म्हणाले, "एकाच माणसाला, वहिनी."

मावशीने तुझं शहर सांगितलं त्याच आठवड्यात ह्यांनी ती लिहिली म्हणे. खुळखुळ्यांना खुर्चीवरून उठवलं, दार लोटून घेतलं आणि एका बोटाने टकटक करत बसले. मजकूर असा आहे. तुला तो माझ्या आधीपासून ठाऊक असेल.

'तळमजल्याला ओल आहे, आधीच सांगतो. तरी पाहायला यावं. वेळ केव्हाही. फोन न करता आलात तरी चालेल.'

ह्यांनी जन्मभर घरं विकली. कुठल्या भिंतीला ओल आहे असं त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नव्हतं.

पत्र का लिहिलं नाही त्यांनी, असं मलाही वाटलं. पण पत्र लिहिलं की हरल्यासारखं झालं असतं. जाहिरात काय, धंद्याचा भाग. शोधलं तर दिसेल, नाही शोधलं तर कुणाला कळणारही नाही की ठेवली होती. तुमच्या दोघांचं आडमुठेपण एकाच साच्यातलं.

दर महिन्याचा जाहिरातींचा तक्ता आला की हे खुळखुळ्यांना बाकी काही न विचारता फक्त 'तिकडचं काय' एवढं विचारायचे. ते सांगायचे, दिसली, दाबली नाही. दर महिन्याला हेच. कधी थोड्या वेळा दिसलेली, कधी जास्त. तुझ्या वाढदिवसाच्या महिन्यात खूपदा. दाबलेली मात्र कधीच नाही. हे 'बरं' म्हणायचे आणि चष्मा काढून पुसत बसायचे. पुसून पुसूनच तो स्क्रू सैल झाला असावा.

रुग्णालयातही खुळखुळे भेटायला आले तेव्हा तोच प्रश्न, आणि तेच उत्तर. मी पायाशी बसले होते. हे छताकडे बघत म्हणाले, "वाचलं तिनं. नको म्हणाली. तिचा हक्क आहे." मला वाटलं कुणी गिऱ्हाईक बाई असेल, घर पाहून नको म्हणाली असेल. मी म्हटलं, जाऊ द्या हो, दुसरी कुणी येईल. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान भिंतीकडे वळवली. ते माझं वाक्य मला आता जन्मभर पुरेल.

पण मला तुला सांगायचंय ते हे नाही. शनिवारी मी म्हटलं, जाहिरात कशी असते ते मला एकदा दाखवा तरी. खुळखुळ्यांनी फोनवर आपलं नाव लिहिलं, इथली नेहमीची जाहिरात वर आली. मी बोट पुढे केलं तर ते घाईने म्हणाले, दाबू नका वहिनी, ताईंनी लिहून ठेवलंय ना, आणि भिंतीकडे हात केला.

मी त्या पट्टीकडे बघतच राहिले. आपली जाहिरात आपण दाबायची नाही. पैसे आपलेच जातात.

भिंगरे, तू नको म्हणाली नव्हतीस ना? तू तुझाच नियम पाळत होतीस. इतकी वर्षं दारापर्यंत येऊन उभी राहत होतीस आणि कडी वाजवत नव्हतीस, कारण वाजवली तर बाबांचे पैसे गेले असते. आणि आत बसलेल्या माणसाला वाटत राहिलं की तू दारावरूनच परत जातेस. ती पट्टी रोज त्यांच्या डोळ्यांसमोर होती. त्यांना सुचलं नाही. खुळखुळ्यांना सुचलं नाही. मला सुचलं ते सगळं झाल्यावर. दोन आठवडे आधी सुचलं असतं तर त्यांच्या कानात एवढं एकच वाक्य सांगितलं असतं. वापरलेल्या पाकिटांच्या पाठीवर हिशेब करणाऱ्या आईची तू मुलगी. ही काटकसर माझीच, तुझ्यात उतरलेली. मी तिचा आजवर अभिमान बाळगला.

की मीच मनाचे खेळ करते आहे? तिकडे दुसरंच कुणी असेल? खुळखुळे म्हणतात, कोण असणार. पण ते भले गृहस्थ, मला बरं वाटावं म्हणून काहीही म्हणतील.

लिहायची घाई एवढ्यासाठी की ती जाहिरात परवासुद्धा तिकडे दिसली, खुळखुळ्यांनी कळवलं. ती वाचून तुला वाटत असेल, बाबा खुर्चीत बसलेत, अजून वाट पाहताहेत, जाऊ पुढच्या महिन्यात. ते मला सहन होईना.

बाकीच्या जाहिराती बंद होतील. ही एक राहू दे, पैसे मी घरखर्चातून देईन, असं मी सांगून आले. खुळखुळे म्हणाले, कसले पैसे, तिला आजवर खर्च आलाच नाही.

दाबल्यावर आत काय आहे ते तू पाहिलं नसशील. मला खुळखुळ्यांनी न दाबता, आतल्या बाजूने दाखवलं. ऑफिस नाही, कुठलं विकाऊ घर नाही. आपल्या घराचा फोटो आहे, ह्यांनी रस्त्यापलीकडून काढलेला, थोडा वाकडा. दोरीवर माझा टॉवेल वाळतोय. गिऱ्हाईक यायचं असलं की हे ठेवायला सांगत तसं पुढचं दार सताड उघडं आहे. त्याखाली एक अक्षर लिहिलेलं नाही.

तेव्हा आता एकदा दाब. तुझा नियम मोड. पैसे जातात तर जाऊ देत, जितके जातील तितके मी भरीन. मी हे लिहिते आहे, मी, यावरून काय ते ओळख.

यायचं असलं तर ये, तुझ्या खोलीत कपडे इस्त्री करते पण पलंग तसाच आहे. यायचं नसलं तर आग्रह करायला मला तोंड नाही. फक्त ती तूच होतीस का, एवढं कळव. सोबत पत्ता लिहून, तिकीट लावून कार्ड ठेवलं आहे, म्हणजे तुला काही खर्च नाही. 'हो' असेल तर 'हो' एवढंच लिही, मी ते ह्यांच्या चष्म्याखाली ठेवीन. आणि विचार करत बसू नकोस, तुम्ही दोघं विचार करतच बसलात. उलट टपाली कळव.

वाटेकडे कान लावून बसलेली,
तुझी आई