हात मागे

धार
१२ नोव्हेंबर २०२५

ती. तात्यांस धाकट्या नीलकंठाचा साष्टांग नमस्कार.

इकडे सर्व ठीक. देवासला तुमची आणि सरलावहिनींची प्रकृती बरी असेल, उर्वीच्या लग्नाची धावपळ सुरू झाली असेल. धारेत थंडी पडू लागली आहे. छापील पत्र बघून तुमच्या कपाळाला आठी पडली असेल. सध्या सातवीच्या मुलांना कॉम्प्युटरवर पत्र लिहायला शिकवतो आहे, म्हटलं आपणही एक लिहून बघावं.

मुलं मजेची आहेत. मोबाइलवर बोटं अशी चालवतात की बघत राहावं, पण फाइल कुठे ठेवली विचारलं की "सर, अंदर गई" म्हणतात. पासवर्ड शेजाऱ्याला सांगू नये, हे पटवता पटवता माझा घसा बसला. "भिया तो अपना ही है सर," हे त्यांचं उत्तर; शेजारी बसेल तो भाऊच.

माझ्या वर्गात एक नियम आहे. जो शिकवतो त्याने हात मागे बांधायचे. माउसला हात लावायचा नाही, फक्त तोंडाने सांगायचं; समोरच्याला कितीही वेळ लागो. मुलंही एकमेकांना असंच शिकवतात. मोठ्या बाईंना ही पद्धत इतकी आवडली, की इतर शिक्षकांना ती समजावून सांगायला त्यांनी मला उभं केलं. मी उभा राहिलो, कौतुक ऐकून घेतलं, पण नियम का केला ते मात्र सांगितलं नाही.

दिवाळीला तुम्ही फोनवर म्हणालात, "गणपतीपुढची पहिली पत्रिका नेहमीप्रमाणे तूच लिही." आपल्याकडे ती हातानेच लिहितात आणि आपले आबा गेल्यापासून मीच लिहीत आलो. मी "या वेळी जमणार नाही" एवढंच म्हणालो. "घराच्या वाटणीचा राग पोरीवर काढू नकोस," म्हणून तुम्ही फोन ठेवलात. तेव्हापासून तुम्ही माझा फोन उचलत नाही. तात्या, राग नाही. उर्वीला पाटीवर पहिलं अक्षर मी गिरवून दिलं, तिच्यावर कसला राग धरू?

काल शाळा सुटल्यावर हेच पत्र टाइप करत बसलो होतो. एकेक अक्षर चार-चारदा उमटत होतं. अपेक्षा नावाची विद्यार्थिनी विसरलेला डबा न्यायला परत आली. आधी स्क्रीनकडे, मग माझ्या हातांकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही पुढे होऊन टाइप करून देईल. तिने हात मागे बांधले. "आप ही करो सर. मैं खड़ी हूँ," म्हणाली. मग मी पुढचं वाक्य लिहिलं.

तात्या, माझे हात कापतात.

गेल्या पावसाळ्यापासून. इंदूरच्या डॉक्टरांनी औषध दिलं आहे, त्याने थोडं आवरतं. पण हे पुरतं बरं होणारं दुखणं नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. फळ्यावर रेघ सरळ येत नाही. मुलांसमोर माउस धरला की बाण पडदाभर पळतो. नियम त्यातून आला. लहानपणी तुम्ही माझं बोट धरून माझं अक्षर वळणदार केलंत. ते अक्षर गेलं, हे तुम्हालाच सांगायची मला लाज वाटली.

पत्रिका उर्वीला लिहू द्या. हिंदी शाळेत शिकलेली आहे, मराठी लिहिताना अडखळेल. अडखळू दे. तुम्ही बोलावलंत तर येईन, तिच्याशेजारी बसून एकेक शब्द सांगेन. हात मागे बांधून.

खालची सही तेवढी हाताने केली आहे. ओळखू आली नाही तरी माझीच आहे.

तुमचा,
नीलकंठ