कमरेइतकंच उडायचं ठरलं होतं

मामंजी,

हे मी थेट तुम्हालाच लिहितेय, मध्ये आत्याबाई नाहीत. त्या असत्या तर आधी सगळं ऐकून घेतलं असतं, त्यात पदरचे चार शब्द घातले असते आणि मगच तुमच्यापर्यंत पोचवलं असतं. तुमच्या घरात सासूला आत्याबाई म्हणायची रीत, आणि सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाही ही त्याहून पक्की रीत. इंदापूरहून लग्न होऊन मी सांगवीला आले, त्यानंतर कितीतरी महिने तुमचा आवाज रोज कानावर पडत होता, पण त्यातला एक शब्द माझ्यासाठी नव्हता. मी दाराआड उभी, तुम्ही ओसरीवर, आणि तुम्ही आत्याबाईंना सांगायचा, तिला म्हणावं चहात गूळ जास्त झालाय. मी ते ऐकलंच नाही असं दाखवायचं, मग आत्याबाई आत येऊन तेच मला सांगायच्या, मग मी मान डोलवायची. एका कप चहाला एवढा खटाटोप. आता माझं वय तुमच्या तेव्हाच्या वयाच्या कितीतरी पुढं गेलंय, त्यामुळे मला बोलायला कुणी अडवत नाही आणि मीही कुणाचं ऐकून घेत नाही.

तुम्हाला विमानाचं खूळ लागलं ते पुण्यात. गूळ विकायला गेला होतात आणि तिथल्या मैदानावर विमानाचा खेळ चालला होता. माणसांना बसवून वर एक फेरी मारून आणत होते. तुम्ही दुपारपासून रांगेत उभे राहिलात आणि तुमचा नंबर यायच्या वेळेला सूर्य मावळला. खेळ बंद. घरी आलात ते चार दिवस कुणाशी बोलला नाहीत, आत्याबाईंना वाटलं गुळाचा भाव पडला. मग एक दिवस भाकरी मोडता मोडता म्हणालात, आपणच बांधू. आत्याबाईंनी विचारलं, काय, गोठा? तुम्ही म्हणालात, इमान. त्यांनी भाकरी थापायची थांबवली नाही. पुरुषमाणसं जेवताना काहीबाही बोलतात, असं त्यांचं मत होतं.

पण खोकी खरोखरच आली. विलायतेहून मुंबईला, तिथून दौंडला आणि दौंडहून आपल्या छोट्या गाडीनं बारामतीला. बैलगाडीतून ती घरी आणली तेव्हा निम्मी सांगवी मागून चालत होती. मोटारीसाठी बांधलेल्या पत्र्याच्या शेडमधून मोटार बाहेर काढून तुम्ही लिंबाखाली उभी केलीत, आणि त्या दिवसापासून कोंबड्या मागच्या गादीवर अंडी घालायला लागल्या. शेडमध्ये सगळं मांडलंत. लाकडाचे वासे, फासळ्या, तारा, कापडाचे तागे, सरसाचे डबे, आणि गोणपाटात गुंडाळलेलं इंजिन, एवढंसं, मोटारसायकलीला शोभेल असं. वर एक पुस्तक, सगळं इंग्रजीत. तुमचे चिरंजीव पुण्याला शेतकी शिकत होते. ते एका शनिवारी आले, पहिली चार पानं सांगितली आणि सोमवारी परत गेले. पुढचं विमान तुम्ही चित्रं बघून बांधायला घेतलंत.

माझे वडील इंदापूरला शाळामास्तर. भावाला शिकवताना त्यांनी मलाही बसवलं, म्हणून मला इंग्रजी बऱ्यापैकी येत होतं. सासरी जाताना आईनं बजावलं होतं, हे तिथं बोलू नकोस, लोक म्हणतील सून शहाणी आहे. मी बोललेही नसते. पण शेडला लागूनच आपलं स्वयंपाकघर, मध्ये एक दार. शेड झाडायला गेले की मी पुस्तकाचं उघडं पान वाचून यायचे, आणि त्या दारातून मला रोज दिसत होतं की तुम्ही शेपटीच्या फासळ्या उलट्या चिकटवताय. दोन दिवस कळ काढली. तिसऱ्या दिवशी आत्याबाईंच्या कानात सांगितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, तुला गं काय कळतंय त्यातलं, असं विचारलं, आणि मी खरं ते सांगून टाकलं. वाटलं, आता ऐकावं लागणार. त्या मात्र उंबऱ्यावर जाऊन बसल्या, मांडीवर सूप घेतलं आणि शेडकडं तोंड करून म्हणाल्या, फासळ्या उलट्या बसल्यात म्हनं. कोण म्हनतंय, असं तुम्ही विचारलंत. त्या म्हणाल्या, पुस्तक म्हनतंय. दुसऱ्या दिवशी सकाळी पुस्तक उंबऱ्याच्या आतल्या बाजूला ठेवलेलं होतं. तुम्ही एक अक्षर विचारलं नाहीत.

मग ती आपली पद्धतच पडली. मी दाराआड, चुलीपाशी पुस्तक घेऊन. आत्याबाई उंबऱ्यावर, डाळ निवडत. तुम्ही शेडमध्ये. मी एक ओळ वाचून मराठीत सांगायची, तुम्हाला ती स्वच्छ ऐकू गेलेली असायची, तरी आत्याबाई ती पुन्हा सांगेपर्यंत तुम्ही हातोडी वर धरून उभे. तुमचा प्रश्नही तसाच यायचा, भिंतीला चेंडू मारावा तसा. तिला म्हणावं, सरस वाळायला किती वेळ द्यायचा? आणि आत्याबाई, काय सांगू मामंजी, त्यांना त्या उंबऱ्यावर राज्य मिळालं. आठवड्याभरात त्यांनी पुस्तकात स्वतःची वाक्यं घालायला सुरुवात केली. पुस्तकात लिवलंय, आधी भाकरी खाऊन घ्यायची. पुस्तकात लिवलंय, तंबाखू थुकून मगच कापडाला हात लावायचा. तुम्ही पुटपुटायचात की विलायतेच्या लोकांना माझ्या भाकरीशी काय करायचंय, पण हात धुऊन पानावर यायचात. जन्मात बायकोचं ऐकलं नसेल एवढं तुम्ही त्या हिवाळ्यात ऐकलंत. पुढं पुढं तर पुस्तकानं गोठ्याचं छप्पर शाकारायला लावलं आणि पिंपळीच्या मावशींना चार दिवस माहेरपणाला आणायला सांगितलं. तेव्हा मात्र तुम्ही पाना खाली ठेवलात आणि विचारलंत, इमानाच्या पुस्तकात मेव्हनी कुठनं आली? आत्याबाई डोळ्याची पापणी न हलवता म्हणाल्या, वजन तोलून बघायला आनखी एक माणूस लागतंय. मी पदर तोंडात कोंबून आत पळाले.

पंखांच्या कापडावर लावायच्या रोगणाचा डबा वाटेतच गळून रिकामा झाला होता. घोंगड्या विणणारे घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात, तीच आपण दिली. कापड असं ताठ झालं की टिचकी मारली तर हलगीसारखं वाजायचं. मात्र खळ म्हणजे शेवटी खाण्याचीच वस्तू. दावं सुटलेल्या एका कालवडीनं डावा पंख चाटून चाटून भाकरीएवढं भोक पाडलं. पुस्तकात याला काही उपाय नव्हता. आत्याबाईंनी जुन्या इरकलीचा तुकडा काढून ठिगळ लावलं, काठासकट. बारीक टाके घालताना त्या हसत होत्या. इतके दिवस त्या हसतच होत्या, कारण हे उडेल असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं. मुलाला खेळणं असतं तसं नवऱ्याला हे, असं त्या धरून चालल्या होत्या.

ऊस तुटला, गुऱ्हाळ संपलं, आणि पाडव्यानंतर एका सकाळी तुम्ही इंजिन चालू केलंत. ते अजून डोळ्यांपुढं आहे. पत्रे थरथरताहेत, फळीवरचे डबे नाचत नाचत कडेला येताहेत, कोंबड्या मोटारीतून उडून लिंबावर. आणि तो पंखा फिरायला लागल्यावर अख्खं विमान दोरखंड ताणून पुढं ओढ घेतंय. मी आत्याबाईंकडं बघितलं तर त्यांचा चेहरा उतरलेला. दुपारी भांडी घासताना त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "बाई, हे उडतंय. माझ्या कुंकवाचा सवाल हाय. उद्या पुस्तकात असं लिवलंय म्हन, की पन्नाशीच्या फुडच्या माणसानं यात बसायचं न्हाय." मी मान खाली घालून तवा घासत राहिले. त्यांना वाटलं मी कबूल आहे.

दुसऱ्या दिवशी मी नुसतं पुस्तक उघडलं, तर माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत त्यांनीच उंबऱ्यावरून सांगून टाकलं. या वेळी तुम्ही पुटपुटला नाहीत. पाना खाली ठेवलात, शेडचं दार ओढून घेतलंत आणि ओसरीवर जाऊन बसलात. पुण्याहून आल्यावर बसला होतात तसेच. त्या दिवशी जेवला नाहीत, दुसऱ्या दिवशी पानावर बसून उठून गेलात. आत्याबाईंनी पुरणपोळी केली, वांग्याचं भरीत केलं, स्वतःही काही खाल्लं नाही. जिंकल्या होत्या, पण घरात कुणी मेल्यासारखं झालं होतं. मला त्यांचा राग येत नव्हता आणि तुमची कीव येत होती, आणि माझ्या मांडीवर ते पुस्तक, ज्यात काय लिहिलंय हे घरात एकट्या मला ठाऊक.

आणि मग तुम्ही आलात. दाराशी. उंबऱ्याच्या पलीकडं उभे राहिलात. मी पदर ओढून भिंतीकडं सरकले, वाटलं आत्याबाईंना काही सांगायचं असेल. तुम्ही त्यांच्याकडं बघितलंच नाही.

"सूनबाई," तुम्ही म्हणालात, "मी तुलाच इचारतोय. असं खरंच लिवलंय का?"

तुमच्या घरात आल्यापासून मला उद्देशून बोललेले ते तुमचे पहिले शब्द. आत्याबाई माझ्याशेजारी लसूण सोलत होत्या, त्यांचे हात थांबले. त्या मला काही बोलल्या नाहीत, डोळ्यांनीसुद्धा खुणावलं नाही, फक्त बसून राहिल्या, आणि तेच जास्त अवघड होतं. हो म्हटलं असतं तर तुम्ही जिवंत राहिला असता, ओसरीवर, तसेच. नाही म्हटलं आणि तुमचं काही बरंवाईट झालं, तर त्या बाईला मी जन्मभर तोंड कसं दाखवणार होते? तरी बोलले. म्हणाले, "न्हाय, मामंजी. तसं कुठंच लिहिलेलं नाही. पण पहिल्या दिवशी कमरेइतकंच वर जायचं आणि सरळ खाली उतरायचं, असं मात्र लिहिलंय."

आत्याबाईंनी लसणाची पाकळी उचलली आणि विचारलं, "कुनाच्या कमरंइतकं? माणसाच्या का बैलाच्या?"

हीच त्यांची परवानगी. तुम्हालाही ते कळलं, कारण तुम्ही भाकरी मागितलीत.

त्या सकाळी कालव्याच्या बाजूच्या मोकळ्या रानात माणूस मावत नव्हतं. कोऱ्हाळ्याहून, पिंपळीहून बैलगाड्या भरून लोक आले होते. तुम्ही काळा कोट घातला होता, पटका वाऱ्यानं उडू नये म्हणून वरून उपरणं हनुवटीखाली बांधलं होतं, दाढदुखीचा माणूस दिसतो तसे दिसत होतात. आत्याबाईंनी तुम्हाला ओवाळलं, इंजिनालाही कुंकू लावलं. माझ्याकडं न बघता माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. गड्यांनी शेपूट सोडली आणि तुम्ही धुरळ्यात निघालात. विमान आधी नुसतंच उड्या मारत गेलं, मग चाकं जमिनीपासून सुटली, मग माणसाची कंबर झाली, बैलाची झाली, आणि तुम्ही काही खाली येईनात. बाभळीच्या शेंड्यावरून गेलात. शेजारच्या अजून न तुटलेल्या उसाचे तुरे चाकांना लागले म्हणतात. इरकलीचं ठिगळ उन्हात असं चमकलं, की कोऱ्हाळ्याच्या बाया वर्षानुवर्षं त्याचं सांगायच्या. कालव्याच्या अलीकडं तुम्ही वळण घेतलंत, इंजिन खोकलं, आणि तुम्ही नांगरलेल्या रानात येऊन बसलात. एक चाक मोडलं. तुम्हाला खरचटलंसुद्धा नाही.

सगळे पळत सुटले. आत्याबाई सगळ्यांच्या पुढं, नऊवारीचा काचा मारून. पोचल्या पोचल्या म्हणाल्या, कमरंइतकं ठरलं हुतं. आणि मग तिथंच ढेकळांत बसून रडल्या. तुम्ही मात्र त्यांना ओलांडून, चार गावांची माणसं बघत असताना, थेट माझ्यापाशी आलात. तोंडभर धूळ आणि त्यात नुसते दात. "बघितलंस न्हवं, सूनबाई?" मी म्हणाले, व्हय, मामंजी.

तुम्ही पुन्हा उडाला नाहीत. एकदाच बसायचं होतं, बसून झालं, म्हणालात. इंजिन पुढं कितीतरी वर्षं विहिरीवर पाणी ओढत होतं, आणि पंखांच्या वाशांचा मांडव घालून आत्याबाईंनी त्यावर दोडके चढवले. पण तुम्ही माझ्याशी बोलायचं थांबला नाहीत. ऊस कुठला लावावा, थोरल्याला कुठल्या शाळेत घालावं, वर्तमानपत्रात काय आलंय, सगळं ओसरीवर बसून मला विचारायचात. गावानं नावं ठेवली, तुम्ही ठेवू दिलीत. इतकी वर्षं तुमच्याशी बोलले, मामंजी, आणि एवढी एक गोष्ट सांगायची राहून गेली. आता हे पत्र टाकायचं तरी कुठल्या पेटीत, म्हणून लिहून टाकते.

नातवंडांना, पतवंडांना मी त्या दिवसाची गोष्ट शेकडो वेळा सांगितलीय, बाभळीसकट, उसाच्या तुऱ्यासकट. ती सगळी आत्याबाईंची आहे. त्यांनी ती त्याच दुपारी मला स्वयंपाकघरात सांगितली, कणीक मळता मळता, कुणाला न कळू देता. त्यांनी डोळ्याची पापणी न लववता सगळं बघितलं होतं. मी नाही बघितलं. गड्यांनी शेपूट सोडली तेव्हा मी आत्याबाईंच्या खांद्यात तोंड खुपसलं, आणि तुमची चाकं जमिनीला लागेपर्यंत वर काढलं नाही.